लग्नानंतरचं पहिलं जॉइंट रिटर्न, आणि सही करायच्या आधी वाचलेलं प्रत्येक पान

अमेरिकेत एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नवीन आलेल्या कितीतरी मैत्रिणींकडून मी हे ऐकलंय, की टॅक्सचं सगळं नवराच बघतो गं, मी फक्त सही करते. मला हे ऐकलं की राहवत नाही, म्हणून आमचं पहिलं जॉइंट रिटर्न, म्हणजे नवरा-बायकोचं मिळून एकच टॅक्स रिटर्न, कसं झालं ते सगळं लिहून काढतेय, थोडं लांबेल पण ज्यांना लागेल त्यांना लागेल. कारण ती सही साधी नाहीये. जॉइंट रिटर्नवर दोघांनी सही केली की त्यातल्या संपूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर येते, व्याज आणि दंडासकट, आणि पुढे घटस्फोट झाला तरी त्या वर्षापुरती ती तशीच राहते. आपण एक डॉलरही कमावला नसला तरी. फसवलं गेलेल्या जोडीदाराला सुटका मागायची सोय आहे, त्याचा फॉर्म ८८५७, पण तिथे ‘मला माहीत नव्हतं’ हे आपल्यालाच पटवून द्यावं लागतं. माझ्या नवऱ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तो मुद्दाच नाही, पण विश्वास आहे म्हणून वाचायचं नाही हे मला कधीच पटलेलं नाही.

आमची परिस्थिती सांगते. लग्न २०२४ च्या फेब्रुवारीत, पुण्यात. नवरा आधीपासून टेक्सासमध्ये, डॅलसच्या बाजूला, एच-१बी वर. मी पुण्यात नोकरी करत होते, नोटीस पिरियड, व्हिसा वगैरे होता होता नोव्हेंबरच्या शेवटी इथे आले. म्हणजे २०२४ मधला जवळजवळ सगळा काळ मी भारतात, पगार भारतात, टीडीएस भारतात, आणि इथे माझ्या नावावर काहीच नाही, सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा नाही कारण एच-४ वर काम करायची परवानगी (ईएडी) असल्याशिवाय तो मिळत नाही, आणि ईएडी मिळायला नवऱ्याची ग्रीन कार्डची केस आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होण्यापर्यंत तरी पोचलेली लागते, नाहीतर त्याची एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेली लागते.

मला सगळ्यात आधी पडलेला प्रश्न हा, की वर्षातले थोडेच दिवस इथे राहिले तर आम्ही टॅक्सच्या भाषेत नवरा-बायको धरले जातो का? तर ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर पूर्ण वर्ष लग्न झालेलं धरतात. फेब्रुवारीत झालं काय आणि ३० डिसेंबरला झालं काय, सारखंच. त्यामुळे नवऱ्याला आता सिंगल म्हणून भरताच येणार नव्हतं. दोनच रस्ते, मॅरीड फायलिंग सेपरेटली किंवा मॅरीड फायलिंग जॉइंटली.

पण जॉइंट करायला एक अडचण होती. मी त्या वर्षापुरती इथली नॉन-रेसिडेंट. रेसिडेंट ठरायला सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्ट असते, चालू वर्षातले सगळे दिवस अधिक मागच्या वर्षातले एक तृतीयांश अधिक त्याच्या मागच्या वर्षातले एक षष्ठांश, ही बेरीज किमान १८३ व्हायला हवी, ती माझी कुठून होणार. नवरा मात्र रेसिडेंट. अशा जोडप्यांसाठी कायद्यात एक पर्याय ठेवलाय, कलम ६०१३(जी), दोघांनी मिळून लिहून द्यायचं की वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यातला एक रेसिडेंट होता, एक नॉन-रेसिडेंट होता, आणि आम्ही दोघंही संपूर्ण वर्षासाठी रेसिडेंट धरलं जाणं निवडतोय. साध्या कागदावर, दोघांची नावं, पत्ते, नंबर, सह्या. २०२४ च्या १०४० फॉर्मवर (हाच इथला मुख्य टॅक्स रिटर्नचा फॉर्म) यासाठी वेगळी चौकटच आहे, ती टिक करून नॉन-रेसिडेंट जोडीदाराचं नाव लिहायचं.

लोक इथपर्यंत सांगतात आणि थांबतात, म्हणतात जॉइंट करा, खूप पैसे वाचतात. वाचतात, खोटं नाही. २०२४ चं गणित बघा. समजा एकाचाच पगार आहे, १ लाख १० हजार डॉलर. सेपरेट भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन १४,६००, उरलेल्या ९५,४०० वर टॅक्स साधारण १६ हजार डॉलर. जॉइंट भरलं तर डिडक्शन २९,२००, उरले ८०,८००, आणि स्लॅबही दुप्पट रुंद त्यामुळे सगळं १० आणि १२ टक्क्यांतच बसतं, टॅक्स साधारण ९,२०० डॉलर. फरक ६,८०० डॉलरच्या आसपास. नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी ही रक्कम मोठी आहे.

पण त्या निवडीची दुसरी बाजू अशी की रेसिडेंट धरलं जाणं म्हणजे माझंही त्या पूर्ण वर्षाचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये आलं. पुण्याचा पगार, एफडीचं व्याज, सेव्हिंगचं व्याज, सगळं. मी अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं तेव्हाचंसुद्धा. ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि ती मोडली तर परत कधी करता येत नाही. हे जॉइंट कराच म्हणणाऱ्या कुणीही मला आधी सांगितलं नव्हतं. काहींच्या बायका भारतात नोकरी करत होत्या आणि तो पगार रिटर्नमध्ये आलाच नाही असं मी अगदी जवळून ऐकलंय, आणि तिथे बायकोचीही सही आहे, म्हणून मी इतकं कळकळीने लिहितेय.

भारतातला पगार धरूनसुद्धा जॉइंटच फायद्याचं पडतं का हे म्हणूनच आधी कागदावर करून बघायचं. समजा भारतात ९ लाख रुपये मिळाले, २०२४ चा आयआरएसचा (इथल्या टॅक्स खात्याचा) डॉलरचा सरासरी दर ८३ आणि ८४ रुपयांच्या मध्ये आहे, म्हणजे साधारण १०,७५० डॉलर. वरच्या उदाहरणात हे मिळवले तरी एकूण ९४,३०० च्या आतच राहतं, म्हणजे १२ टक्के, १,२९० डॉलर जास्तीचा टॅक्स, आणि त्यातून भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट वजा. तरीही जॉइंटच बरं. पण नवऱ्याचा पगार जास्त असेल आणि बायकोचा भारतातला पगारही चांगला असेल तर आकडा वेगळा येऊ शकतो, त्यामुळे शेजारच्याला परवडलं म्हणून आपल्याला परवडेलच असं नाही.

आता खरं काम, आणि यात आमचे सगळ्यात जास्त वीकेंड गेले. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. माझा फॉर्म १६ इथे सरळ वापरताच येत नाही. जानेवारी ते मार्च २०२४ चा पगार एका फॉर्म १६ मध्ये, एप्रिलपासूनचा दुसऱ्यात, आणि तो दुसरा तर कंपनी पुढच्या जूनमध्ये देणार, तोपर्यंत इथली १५ एप्रिलची तारीख उलटून गेलेली. त्यामुळे एकच मार्ग, सॅलरी स्लिपा. मी नोकरी सोडताना सगळ्या स्लिपा पीडीएफ करून ठेवल्या होत्या आणि ते किती बरं झालं हे तेव्हा कळलं, कारण राजीनाम्यानंतर कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं. जी कुणी लग्न करून इकडे येणार असेल तिने विमानात बसायच्या आधी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन, बँकेची स्टेटमेंट आणि पॅन-आधारला लावलेला चालू मोबाईल नंबर, हे सगळं हाताशी घ्यावं. भारताचा नंबर रोमिंगवर चालू ठेवला नाही तर ओटीपी येत नाहीत आणि मग आयकर पोर्टलवर एआयएस (आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदी) उघडायचं म्हटलं तरी अडतं.

एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येक महिन्याची ओळ केली, ग्रॉस, बेसिक, एचआरए, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस. आणि लक्षात घ्या इथे आपल्या ८०सी, एचआरए सवलती चालत नाहीत, पूर्ण ग्रॉस धरायचा. टीडीएसचा कॉलम वेगळा कारण तो फॉर्म १११६ मध्ये जातो, फॉरेन टॅक्स क्रेडिटसाठी. पगाराचा १११६ वेगळा, व्याजाचा वेगळा, कारण पगार जनरल कॅटेगरीत आणि व्याज पॅसिव्हमध्ये. बाहेरच्या देशातला टॅक्स जोडप्याचा मिळून ६०० डॉलरच्या आत असेल तर १११६ न भरता क्रेडिट घेता येतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते फक्त पॅसिव्ह उत्पन्न असेल तरच, पगार असला की फॉर्म भरायचाच.

टीडीएस जितका कापला तितकं क्रेडिट असंही नाही. भारतात शेवटी जो टॅक्स खरोखर लागतो तेवढाच धरायचा, नंतर आयटीआर भरून रिफंड मिळणार असेल तर तेवढं कमी करायचं, नाहीतर इथलं रिटर्न परत दुरुस्त करावं लागतं. मी नोव्हेंबरात नोकरी सोडलेली, कंपनीने पूर्ण वर्षाचा पगार गृहीत धरून टीडीएस कापलेला, म्हणजे रिफंड येणार हे दिसत होतं. मग मी आधी भारतातलं २०२४-२५ चं गणित मांडलं, स्वतःच, नवीन रेजीमप्रमाणे, आणि तो आकडा इकडे घेतला. जुलैत भारतातलं आयटीआर भरलं तेव्हा आकडा जुळला, मला त्याचा फार आनंद झाला, अगदी खरं सांगते.

एफडीचं तसंच. बँक सर्टिफिकेट आर्थिक वर्षाचं देते, मग स्टेटमेंट काढून जानेवारी ते डिसेंबरमधल्या व्याजाच्या नोंदी वेगळ्या केल्या. क्युम्युलेटिव्ह एफडीचं व्याज हातात आलं नसलं तरी दरवर्षी दाखवायचं. नवऱ्याच्या एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त, पण इथे टॅक्सेबल, हे त्याला माहीत होतं, तो दरवर्षी दाखवतच होता. माझ्या पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी आम्ही दाखवलं.

म्युच्युअल फंडांबद्दल मात्र सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. भारतातले म्युच्युअल फंड इथल्या नियमांत पीएफआयसी (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) धरले जातात, त्याचा फॉर्म ८६२१, प्रत्येक फंडाचा वेगळा, आणि विकताना जो फायदा होतो त्यावरचा टॅक्स फार जाचक पद्धतीने लावतात, जुन्या वर्षांत वाटून, व्याज लावून. आपल्याकडच्या मुली पहिल्या पगारापासून एसआयपी करतात, चांगलं म्हणून करतात, आणि लग्न होऊन इकडे आल्यावर तेच डोक्याला ताप होतं. जॉइंट रिटर्नमध्ये वर्षअखेरीला सगळे फंड मिळून ५० हजार डॉलरच्या आत असतील आणि काही विकलेलं नसेल, तर त्या वर्षी हा फॉर्म लागत नाही, आमचं तसं होतं. पण रेसिडेंट धरलं जाण्याआधीच काय विकायचं आणि काय ठेवायचं याचा विचार लग्न ठरल्या ठरल्या करावा. दागिने आणि हॉलबरोबर हेही एक काम.

मग एफबीएआर. हे टॅक्स रिटर्न नाही, वेगळ्या खात्याला, फिनसेनला, ऑनलाइन कळवायचं असतं, की अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून बेरीज वर्षात एखाद्या दिवशी जरी १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर प्रत्येक खातं, बँकेचं नाव, पत्ता, खाते नंबर, आणि वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक. टॅक्स काही लागत नाही, फक्त माहिती, पण ती दिली नाही तर दंड जबर. १५ एप्रिलची तारीख, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. गंमत म्हणजे मी ६०१३(जी) ने रेसिडेंट झाले ती फक्त इन्कम टॅक्ससाठी, एफबीएआरला ती निवड धरत नाहीत, त्यामुळे त्या वर्षी एफबीएआर नवऱ्याचाच होता. पण त्याच्यात आपल्या घरांतली एक खास गोष्ट येते.

नाशिकला सासऱ्यांच्या एफडींवर दुसरं नाव मुलाचं. आपल्याकडे घरोघरी हेच असतं, आयदर ऑर सर्व्हायव्हर, उद्या काही झालं तर मुलाला त्रास नको म्हणून. पैसे सगळे पप्पांचे, व्याज पप्पांचं, टॅक्स पप्पा भरतात, त्यामुळे ते व्याज आमच्या रिटर्नमध्ये येत नाही. पण नाव जॉइंट म्हणून एफबीएआरमध्ये ती प्रत्येक एफडी पूर्ण रकमेने दाखवावी लागते, अर्धी नाही. आता नवीन सुनेने सासऱ्यांना विचारायचं की तुमच्या एफडी किती आणि कितीच्या, मला फार अवघड वाटत होतं. नवरा म्हणाला मी बोलतो, पण फोन स्पीकरवर होता आणि पप्पांनीच विचारलं, सूनबाई आहे का तिथे, तिचं अक्षर चांगलं आहे, तिला लिहून घेऊ दे. मग त्यांनी कपाटातून फाइल काढली, चष्मा लावला आणि एकेक पावती वाचायला लागले, जिल्हा बँकेची, मग राष्ट्रीयीकृत बँकेची, मग पोस्टाची, खाते नंबर दोनदा म्हणायचे, आठ, नऊ, परत नऊ, लिहिलंस? मध्येच सासूबाई म्हणाल्या ती माझ्या नावची राहिली, तर त्यावर दुसरं नाव मुलाचं नाही, पप्पांचं, म्हणून ती नको. पप्पा म्हणाले नको कशाला, लिहून ठेव, माहीत असलेलं बरं. लग्नाला वर्ष होत होतं आणि सासरच्या घरात मला इतक्या मोकळेपणाने कुणी काही दाखवलं असेल तर ते त्या दुपारी. पोस्टाच्या पावत्यांवरचे नंबर पुसट झाले होते ते त्यांनी दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन विचारून व्हॉट्सॲपला पाठवले.

माहेरी फोंड्याला बाबांना सांगितलं की आम्ही जॉइंट रिटर्न भरतोय, तर ते म्हणाले अगो, आम्ही गोंयकार तर हे किती वर्षं करतोय. आणि ते खरंच आहे, अर्धं तरी. १९६१ च्या आयकर कायद्यात (तो मार्च २०२६ पर्यंत होता) कलम ५ए होतं, ते गोवा आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव इथल्या, ज्यांना पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे अशा नवरा-बायकोसाठी. त्यांचं उत्पन्न समाईक धरून दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवतात. पगार सोडून. बाबांचं पेन्शन पगारात धरतात म्हणून ते पूर्ण बाबांचंच, पण खालच्या गाळ्याचं भाडं आणि एफडीचं व्याज निम्मं आईच्या रिटर्नमध्ये. त्यासाठी आयटीआरमध्ये शेड्युल ५ए आहे, आणि त्यामुळेच त्यांना साधा आयटीआर-१ चालत नाही. फरक इतका की तिथे उत्पन्न निम्मं करून रिटर्न दोन, आणि इथे उत्पन्न एकत्र करून रिटर्न एक. आई कधी नोकरीला नव्हती, पण तिचं पॅन आहे, तिचं रिटर्न आहे, आणि गाळ्याचं भाडं किती येतं ते तिला पाठ आहे. मी ह्या घरात वाढले त्यामुळे बायकोला पैशाचं काय कळतं असलं वाक्य माझ्या कानाला सहनच होत नाही. बाकी भारतात असं काही नाही, प्रत्येकाचं आपापलं. २०२५ च्या बजेटआधी आयसीएआयने (चार्टर्ड अकाउंटंट लोकांची संस्था) नवरा-बायकोला जॉइंट रिटर्नचा पर्याय द्यावा असं सुचवलं होतं, बजेटमध्ये ते काही आलं नाही. यावं असं मला वाटतं, पण दोघांनी वाचून सही करायची सवय लागणार असेल तरच.

आता नंबर. माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, म्हणून रिटर्नवर त्याच्या जागी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर लागतो, त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७, आणि तो रिटर्नला जोडूनच द्यायचा असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी ई-फाइल नाही, सगळं कागदावर. १०४० वर माझ्या नंबरची जागा रिकामी सोडायची. डब्ल्यू-७ मध्ये कारणाच्या चौकटी आहेत, एच-४ म्हटलं की बऱ्याच जणी ‘जी’ ही चौकट टिक करतात कारण त्यात व्हिसाधारकाचा जोडीदार असं लिहिलंय, पण ते नॉन-रेसिडेंट व्हिसाधारकाच्या जोडीदारासाठी. आमच्यात नवरा रेसिडेंट, म्हणून ‘ई’ ही चौकट. ६बी मध्ये परदेशातला टॅक्स नंबर विचारतात, तिथे आपला पॅन. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं. माझ्या पासपोर्टवर लग्नाआधीचंच नाव आहे, मधलं वडिलांचं आणि आडनाव माहेरचं, तेच डब्ल्यू-७ वर, तेच १०४० वर, तेच निवडीच्या कागदावर. मी नाव बदललं नाही, आणि ज्यांना बदलायचंय त्यांनीही हे काम होईपर्यंत थांबलेलं बरं.

पासपोर्टचं काय करायचं यावर आमचा बराच विचार झाला. मूळ पासपोर्ट आयआरएसच्या ऑस्टिनच्या ऑफिसला पोस्टाने पाठवता येतो, ते परत पाठवतात, पण नवीन देशात माझ्याकडे ओळखीचा तेवढाच कागद, तो आठवडेच्या आठवडे हातात नाही ही कल्पनाच मला सोसत नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट, ते फी घेऊन पासपोर्ट तपासून तुमच्या हातात परत देतात. तिसरा म्हणजे आयआरएसचं टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटर, फुकट, पण आधी फोनवर अपॉइंटमेंट, आणि सगळ्याच सेंटरला हे काम होत नाही, फोनवरच विचारून घ्यायचं. आम्ही डॅलस डाउनटाउनमधल्या सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट प्रकाशात धरून पाहिला, व्हिसाचं पान पाहिलं, झेरॉक्स काढली, डब्ल्यू-७ वरची जन्मतारीख बोटाने जुळवली कारण आपली सवय आधी दिवस मग महिना आणि इथे आधी महिना, मी नीट लिहिलेली होती, मग पासपोर्ट काचेखालून परत माझ्याकडे सरकवला आणि पूर्ण गठ्ठा त्यांनीच पुढे पाठवायला ठेवून घेतला. गठ्ठ्यात सगळ्यात वर डब्ल्यू-७, मग १०४० आणि त्याला लावलेला नवऱ्याचा डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेलं पगाराचं सर्टिफिकेट), शेड्युल बी (व्याजाचा तक्ता), दोन १११६, आणि निवडीचा तो सहीचा कागद. टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे दुसरं रिटर्न भरायचंच नव्हतं. कॅलिफोर्नियावाल्यांना ते वेगळं करावं लागतं आणि तिथे भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावं.

जायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही टेबलावर सगळं पसरून बसलो होतो. मी आधीच ठरवलं होतं की प्रत्येक ओळीपाशी थांबायचं, हा आकडा कुठून आला ते एकाने दुसऱ्याला कागदावर दाखवायचं, आणि मगच पुढे. त्याच्या ४०१(के) मध्ये (निवृत्तीसाठीचं खातं) किती जातात, स्टॉक विकले होते का, जुन्या घरमालकाकडून डिपॉझिट आलं का, हे मला त्या रात्री नीट कळलं, आणि माझ्या पगारातून मी घरी किती पाठवत होते, धाकट्या भावाच्या फीचे किती दिले, हे त्याला. कुणी कुणाला हिशेब मागत नव्हतं, पण आकडे समोर होते. शेवटच्या पानावर सहीशेजारी जोडीदाराचा व्यवसाय अशी एक जागा असते. टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये भरताना तिथे होममेकर टाकू का म्हणून त्याने विचारलं, साधेपणानेच विचारलं. मी म्हटलं, ह्या वर्षात मी नोव्हेंबरपर्यंत टेस्ट इंजिनिअर होते आणि त्याचा पगार ह्याच रिटर्नमध्ये आहे, तेच लिही. त्याने लगेच लिहिलं. होममेकर असण्यात कमीपणा काहीच नाही, माझी आई तेच आहे, पण त्या वर्षाचं खरं ते हे होतं.

आयटीआयएनला एरवी सात आठवडे लागतात, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत गर्दीच्या दिवसांत नऊ ते अकरा असं ते स्वतःच सांगतात. पत्र येतं, सीपी५६५ नावाचं, नऊने सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर फक्त टॅक्सपुरता, त्यावर नोकरी करता येत नाही, आणि सलग तीन वर्षं कुठल्याच रिटर्नवर वापरला नाही तर बाद होतो. पुढे कधी ईएडी येऊन एसएसएन मिळाला की आयआरएसला कळवून जुना नंबर त्याला जोडून घ्यायचा. रिफंडही मग आला, कारण नवऱ्याचा डब्ल्यू-४ (पगारातून टॅक्स किती कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) वर्षभर सिंगलवरच होता आणि त्या हिशेबाने टॅक्स जास्त कापला जात होता. लग्न झाल्यावर एचआरला सांगून तो बदलून घ्यायचा म्हणजे पैसे वर्षभर अडकून पडत नाहीत, आम्ही तो पत्र आल्याच्या आठवड्यातच बदलला.

ज्यांना आयटीआयएनची गडबड एप्रिलच्या आत जमत नाही त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. आधी सेपरेट भरून नंतर १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने जॉइंट करता येतं, साधारण तीन वर्षांच्या आत. उलट मात्र नाही, जॉइंट भरलं आणि १५ एप्रिल उलटली की ते वर्ष परत सेपरेट करता येत नाही. म्हणून कुणी घाई करत असेल, आत्ता सही कर नंतर बघू म्हणत असेल, तर थांबायला जागा आहे हे माहीत असू द्या. हजारो मैलांवरून आई-बाबांना विचारता येत नाही असंही काही नाही, विचारा, पप्पांसारखे सासरेही असतात.

२०२५ चं रिटर्न आम्ही ई-फाइल केलं, आता मी दिवसांच्या हिशेबानेही रेसिडेंट, डिडक्शन ३१,५०० झालेलं, आणि ह्या वेळी सगळं भरलं मी, तपासलं नवऱ्याने. ई-फाइलला कागदी सही नसते, दोघांनी आपापला पाच आकडी पिन टाकायचा आणि ओळख पटायला मागच्या वर्षीचा एजीआय (ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम, रिटर्नवरचा एकूण उत्पन्नाचा आकडा). मागचं रिटर्न जॉइंट असेल तर दोघांनीही पूर्ण आकडाच टाकायचा, निम्मा करायचा नाही, २०२४ च्या १०४० वर तो ११ नंबरच्या ओळीत आहे.